मुलांचा पासवर्ड: सुचवायचा नाही, फाशांनी पाडायचा

सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘तुझा पासवर्ड तूच ठरव’ म्हटले की आधी त्याचे स्वतःचे नाव येते. ‘नाव नको’ म्हटले की घरातल्या मांजराचे येते. ‘जरा अवघड कर’ म्हटले की त्याच नावापुढे १२३ लागते. यात मुलाचे काही चुकत नाही. ‘काहीतरी सुचव’ म्हटल्यावर कुणालाही जवळचे, आवडते, ओठांवरचेच सुचते. मोठ्यांचेही तेच होते. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडचे सुमारे ३.२ कोटी पासवर्ड जसेच्या तसे बाहेर फुटले. त्यांत सर्वांत जास्त खात्यांना लावलेला पासवर्ड होता १२३४५६, आणि तो सुमारे २ लाख ९० हजार खात्यांना होता.

म्हणून इथली सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे. पासवर्ड मुलाने सुचवायचा नाही, तो फाशांनी पाडायचा. मुलाचे काम त्यानंतर सुरू होते: जे दान पडले ते लक्षात ठेवायचे, न चुकता टाइप करायचे आणि सांभाळायचे. ही तिन्ही कामे लहान मुलांना छान जमतात. ‘कुणालाही ओळखता येणार नाही असे काहीतरी शोधून काढ’ हे मात्र त्यांना जमत नाही, आणि आपण नेमके तेच त्यांच्याकडून मागत असतो.

आधी किल्ली समजू द्या

चार ते सहा वर्षांच्या मुलाला टाइप करायला लावण्याची घाई नको. या वयात फक्त कल्पना रुजवायची. इथे एका शब्दापासून जपून राहावे. पासवर्ड म्हणजे ‘गुपित’ असे शिकवू नका. मोठ्या माणसाने ‘हे आपले गुपित, घरी सांगायचे नाही’ म्हटले तर ते लगेच घरी सांगायचे, हे याच वयात मुलांना शिकवायचे असते. एकीकडे ‘गुपित जप’ आणि दुसरीकडे ‘गुपित ठेवू नकोस’ असे ऐकले की मूल गोंधळते, आणि हा गोंधळ धोक्याचा आहे.

त्याऐवजी ‘किल्ली’ म्हणा. दाराची किल्ली मुलाने पाहिलेली असते. ती रस्त्यावरच्या माणसाला देत नाहीत, मित्रालाही देत नाहीत, पण घरातल्या मोठ्यांकडे तिची जोडकिल्ली असते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पासवर्डचे नाते अगदी हेच आहे. किल्ली कुणाकुणाकडे असणार, ती दोन-तीन नावे मुलाकडून म्हणून घ्या: आई, बाबा, आजी, जी असतील ती. या यादीबाहेरच्या कुणीही मागितली तर द्यायची नाही आणि यादीतल्या कुणालातरी सांगायचे. पाच वर्षांच्या मुलाला एवढे पुरते.

छत्तीस शब्दांचा कागद

सहा-सात वर्षांपासून पुढे हे करता येते. लागते काय? दोन वेगवेगळ्या रंगांचे फासे, एक कोरा कागद, पेन्सिल आणि अर्धा-पाऊण तास.

कागदावर सहा आडव्या ओळी आणि सहा उभे रकाने आखा. ओळींना १ ते ६, रकान्यांना १ ते ६. छत्तीस चौकोनांत छत्तीस शब्द भरायचे. शब्द मुलाने सांगायचे, तुम्ही चाळायचे. डोळ्यांसमोर चित्र उभे राहील अशाच वस्तू आणि प्राणी घ्या: मगर, पतंग, डबा, टोपी, खडू, दोरी, माकड, चमचा, गोगलगाय. ‘आनंद’, ‘चांगला’, ‘नंतर’ असे शब्द नकोत. त्यांचे चित्र होत नाही आणि ते चौथ्या दिवशी डोक्यातून निसटतात. नावे, गाव, शाळा, जन्मतारीख यांतलेही काही नको.

आता शब्द पाडायचा. लाल फासा म्हणजे ओळ, पांढरा म्हणजे रकाना. लाल ४, पांढरा २ पडला की चौथ्या ओळीचा दुसरा चौकोन. तिथे समजा ‘मगर’ आहे. शब्द एका चिठ्ठीवर लिहायचा, पुन्हा फासे टाकायचे. असे चार वेळा केले आणि मगर, डबा, पतंग, खडू असे दान पडले, तर ‘मगर-डबा-पतंग-खडू’ हाच पासवर्ड. (हे चार शब्द आता इथे लिहिले गेले, त्यामुळे ते कुणीही वापरू नयेत. आपले आपण पाडावेत.)

या साध्या खेळात चार ठिकाणी बिघडते.

फासे एकाच रंगाचे असले की ओळ कुठली आणि रकाना कुठला हे ठरत नाही. मग मुले ‘मोठा आकडा आधी’ असा नियम स्वतःच करून टाकतात. तसे झाले की छत्तीसपैकी एकवीसच चौकोन कधी ना कधी लागू शकतात, बाकीचे पंधरा मेलेले. वेगळ्या रंगाचे फासे नसतील तर एकच फासा दोनदा टाका: पहिल्यांदा ओळ, दुसऱ्यांदा रकाना.

दुसरे, आवडता शब्द येईपर्यंत पुन्हा पुन्हा फासे टाकणे. इथे ठाम राहावे लागते. नावडता शब्द कागदावरून काढायचा असेल तर फासे टाकण्याआधी काढा. दान पडल्यावर बदल नाही. शब्दांची अदलाबदलही नाही, पडले त्याच क्रमाने ठेवायचे. मूल रुसले तरी हरकत नाही. दोन मिनिटांत त्याला मगरीचा डबा आवडू लागतो.

तिसरे, पडलेल्या शब्दांवर कागदातच खूण करणे. मुलांचा हात आपोआप गोल काढायला जातो. खुणा झाल्या की तो कागद म्हणजे उघडी किल्ली. म्हणून पेन्सिल आधीच बाजूला ठेवा आणि फासे टाकताना मुलाच्या हाती फक्त चिठ्ठी द्या. खुणा नसलेला कागद मात्र कुणीही पाहिला तरी चालतो, कारण पद्धतीचा जोर शब्द लपवण्यात नाही, दानात आहे.

चौथे बिघडते ते स्पेलिंगमध्ये, आणि त्यावर जरा थांबायला हवे.

‘वाघ’ व्हीने की डब्ल्यूने?

मराठी शब्द रोमन अक्षरांत टाइप करायचा म्हटला की एकाच शब्दाची तीन-तीन रूपे होतात. ‘वाघ’ व्हीनेही लिहितात, डब्ल्यूनेही. ‘फुगा’ एफने की पी-एचने? ‘झाड’ झेडने की जे-एचने? ‘पाणी’त ए एक की दोन? मुलाला शब्द पाठ असतो, तरी खाते उघडत नाही. तीन वेळा चुकते, खात्याला कुलूप लागते आणि त्या दिवसापासून ‘लांब पासवर्ड वाईट’ हे त्याच्या मनात बसते.

यावर उपाय दोन. पहिला, व, फ, झ, छ, क्ष, ज्ञ असलेले शब्द कागदावर घ्यायचेच नाहीत. दुसरा, घरचा एक नियम: प्रत्येक स्वराला एकच अक्षर. लांब ‘आ’लाही एकच ए, ‘ई’ला एक आय, ‘ऊ’ला एक यू. म्हणजे ‘डबा’ डी-ए-बी-ए आणि ‘खडू’ के-एच-ए-डी-यू, याशिवाय दुसरे रूप नाही. चौकोनात मराठी शब्दाखाली त्याचे रोमन स्पेलिंग तेव्हाच लिहून टाका. चार अक्षरांहून लहान स्पेलिंग नको, आठांहून मोठे नको. आणि शेवटी एकदा नजर फिरवा: या नियमामुळे ‘मन’ आणि ‘मान’ सारखेच दिसू लागतात, तेव्हा अशी जोडी कागदावर राहू देऊ नका. मुलाला इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग पक्के येत असेल तर तेच भरावेत, हा प्रश्नच उरत नाही.

देवनागरीतच पासवर्ड ठेवावा का? आमचे मत: नको. फोनवर मराठी कळफलक असतो, शाळेच्या संगणकावर नसतो, आणि काही साइट देवनागरी अक्षरे घेतच नाहीत.

शब्दांच्या मध्ये आडवी छोटी रेघ ठेवा. जागा सोडणे सगळ्या साइटना चालत नाही. पहिल्यांदा टाइप करताना डोळ्याचे चित्र असलेले बटण दाबून अक्षरे दिसू द्या. ठिपके पाहत चार शब्द टाइप करणे सात वर्षांच्या मुलासाठी अंधारात सुई ओवण्यासारखे आहे. मात्र अक्षरे दिसू लागली की काही टॅब पहिले अक्षर आपोआप कॅपिटल करतात, तेवढे पाहा.

पासवर्ड ठरवून झाला की लगेच लॉग आउट करा आणि पुन्हा लॉग इन करून पाहा, शक्य असेल तर दुसऱ्या उपकरणावरूनही. काही ठिकाणी लांबीला मर्यादा असते आणि शेवटची अक्षरे न सांगता कापली जातात. ते आत्ताच कळलेले बरे, परीक्षेच्या सकाळी नको.

साइट म्हणते: कॅपिटल हवे, अंक हवा, चिन्ह हवे

या अटींचा मोठा उगम २००३ च्या एका अमेरिकी मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने नवी मार्गदर्शिका आणली: लांबीला महत्त्व द्या, चिन्हांची सक्ती नको, आणि ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका. तरीही कित्येक साइट जुन्याच अटी घालतात, त्यामुळे मुलाला त्यातून वाट काढता यायला हवी.

इथे बहुतेक जण एकसारखे वागतात: पहिले अक्षर कॅपिटल, शेवटी १, त्यापुढे उद्गारचिन्ह. पासवर्ड फोडणारे प्रोग्राम सुरुवातच तिथून करतात. एसच्या जागी डॉलरचे चिन्ह, ओच्या जागी शून्य हेही त्यांना पाठ आहे. म्हणून एक फासा आणखी टाका. १ किंवा २ पडले तर पहिला शब्द कॅपिटल अक्षराने सुरू होईल, ३ किंवा ४ ला दुसरा, ५ किंवा ६ ला तिसरा. अंकही फाशानेच पाडा आणि तो त्या कॅपिटल शब्दाच्या लगेच नंतर बसवा. चिन्हाची अट मधल्या रेघेनेच बहुधा भागते.

किती शब्द पुरतात

हे मोजून पाहण्यासारखे आहे, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ही आकडेमोड मनापासून आवडते. चार आकडी पिनच्या शक्यता १०,०००. छत्तीसच्या कागदातून तीन शब्द पाडले तर ३६ × ३६ × ३६, म्हणजे ४६,६५६. चार पाडले तर १६,७९,६१६. सहा आकडी पिनच्या १० लाखांपेक्षा हे जास्त. टॅबला किंवा काही चुकांनंतर कुलूप लावणाऱ्या साध्या खात्याला एवढे चालते.

पण साइटकडचा साठाच चोरीला गेला, तर चोराला कुठले कुलूप आडवे येत नाही. त्याचा संगणक रात्रंदिवस अंदाज करत बसतो, आणि साइटने पासवर्ड दुबळ्या रीतीने साठवले असतील तर एका सेकंदात कोट्यवधी अंदाज होतात. अशा वेळी सोळा लाख म्हणजे काहीच नाही. म्हणून मूल मोठे होईल तसा कागदही वाढवा. आणखी पाच कागद तसेच भरले की २१६ शब्द होतात, आणि तीन फासे लागतात: पहिला कागद ठरवतो, दुसरा ओळ, तिसरा रकाना. दर रविवारी एक कागद भरला तर पाच आठवड्यांचे काम. यातून पाच शब्द पाडले की शक्यता सुमारे ४७ हजार कोटी होतात. आठ छोटी रोमन अक्षरे चिठ्ठ्या टाकून काढली, तर शक्यता होतात सुमारे २१ हजार कोटी. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि लक्षात ठेवायला मात्र पाच चित्रे.

ईमेलचे खाते आणि पासवर्ड मॅनेजरची (सगळे पासवर्ड एकाच कुलपात सांभाळणाऱ्या ॲपची) मुख्य किल्ली यांना घरचे कागद वापरू नका. ईमेल हातात आले की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलून घेता येतात. तिथे ७,७७६ शब्दांची तयार इंग्रजी यादी घ्या. आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली ‘डाइसवेअर’ नावाची ही पद्धत आहे. एका शब्दाला पाच फासे लागतात, आणि सहा शब्द पाडायचे.

लक्षात ठेवणे

शब्द पडले त्या क्रमाने मुलाला गोष्ट जुळवू द्या. मगरीने डबा उघडला, आत पतंग, त्यावर खडूने कुणीतरी नाव लिहिलेले. गोष्ट जितकी विचित्र, तितकी पक्की. ती मुलाचीच हवी. आपण सुचवलेली गोष्ट त्याला आठवत नाही. पहिल्या दिवशी तीनदा टाइप करायचे, दुसऱ्या सकाळी एकदा, मग तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी एकदा. एका आठवड्यात एकच पासवर्ड शिकवा.

गोष्टीचे चित्र काढावे असे मुलाला वाटणारच, आणि काढले की ते भिंतीवर लावावे असेही वाटणार. पण मगर, डबा, पतंग आणि खडू असलेले चित्र म्हणजे पासवर्डच. चित्रासाठी सरावाचे वेगळे दान पाडून द्या, ते खुशाल भिंतीवर लावा. खरे चित्र डोक्यात.

लिहून ठेवण्यात गैर काही नाही, फक्त जागा नीट हवी. ती चिठ्ठी पाकिटात घालून मोठ्यांच्या कपाटात ठेवा. दप्तर, वहीचे शेवटचे पान, टॅबच्या कव्हरची आतली बाजू या जागा चालणार नाहीत.

एका दाराला एकच किल्ली

एनआयएसटीच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या आठ ते अठरा वर्षांच्या दीड हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली होती. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांना चांगल्या सवयी तोंडपाठ होत्या, तरी एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरला जात होता, आणि हे प्रमाण वय वाढेल तसे वाढत होते. मित्राला पासवर्ड देणे हे तर मुलांना विश्वासाचे लक्षण वाटत होते.

मुले असे का करतात ते उघड आहे. पाठ ठेवायला दोन-तीनच किल्ल्या जमतात. मग त्यांच्याकडून दोन-तीनच मागा. टॅबची, शाळेच्या खात्याची आणि पुढे मॅनेजरची. बाकी खेळ, चित्रपट, गाण्यांच्या खात्यांना पासवर्ड मॅनेजरने सोळा किंवा जास्त अक्षरांचा पाडून द्यावा आणि मोठ्यांनी तो सांभाळावा. दहाव्या-अकराव्या वर्षी मुलाला त्याच मॅनेजरमध्ये स्वतःचा कप्पा करून द्या. ‘तुझे पहिले पाळीव जनावर कोणते’ असल्या प्रश्नांना खरे उत्तर देऊ नका, ते मित्रांना माहीत असते. त्याचेही उत्तर पाडून मॅनेजरमध्ये ठेवा. आणि पासवर्ड विसरल्यावर ज्या ईमेलवर दुवा येतो, ते ईमेल मोठ्यांचे असू द्या.

‘मित्र आहेस ना, मग सांग’

या वाक्यापुढे नियम टिकत नाही, तयार उत्तर टिकते. ते घरी बोलून बसवा. तुम्ही मित्र व्हा, मागे लागा, रुसूनही दाखवा. मुलाचे उत्तर ठरलेले: ‘मी उघडून देतो, आपण दोघे खेळू. किल्ली नाही देत.’ यात मैत्रीला नकार नाही, म्हणून ते मुलाच्या तोंडून सहज निघते. टाइप करताना शेजारच्याला ‘जरा तिकडे बघ’ म्हणायचीही सवय लावा, आणि मुलगी पिन टाकत असेल तेव्हा आपण स्वतः मान वळवा. मुले तेच पाहून शिकतात.

खेळातल्या चॅटमधून मागणी आली तर ती वेगळी. ‘पासवर्ड दे, फुकट नाणी देतो’ किंवा ‘मी कंपनीतून बोलतोय’. मुलाला एकच पक्के सांगा: खरी कंपनी चॅटवर पासवर्ड किंवा ओटीपी कधी मागत नाही. उत्तर द्यायचे नाही, पडदा तसाच ठेवून मोठ्यांना दाखवायचे.

फुटला किंवा विसरला तर

दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावू नका. मूल शेवटचा आकडा एकाने वाढवते, बस्स. पण कुणाला सांगितला गेला, कुणी पाहिला किंवा साइटवर चोरी झाली, तर त्याच दिवशी बदला. क्रम असा: आधी नवा पासवर्ड पाडून लावा, मग ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ दाबा, मग परतीचे ईमेल आणि फोन नंबर कुणी बदलले नाहीत ना ते पाहा, आणि शेवटी तोच पासवर्ड आणखी कुठे होता का ते आठवा. लॉग आउट राहून गेले तर आत शिरलेला माणूस पासवर्ड बदलल्यावरही आत राहू शकतो.

या सगळ्याला अर्धा तास पुरतो, पण फुटल्याचे मुलाने सांगितले तरच. म्हणून ते सांगायला येईल तेव्हा पहिले वाक्य ‘बरे झाले सांगितलेस’ हेच असू द्या, आणि लगेच फासे काढा. विसरला तरी तसेच. विसरल्याबद्दल बोलणी खाल्लेले मूल पुढच्या वेळी लक्षात राहील असा पासवर्ड लावते, आणि तो त्याचे स्वतःचे नाव असतो.